घरगुती सौर संच आणि बॅटरीची तक्रार: बिघाड ओळखण्यापासून निवाड्यापर्यंत

छपरावरचा सौर संच आणि त्याला जोडलेली बॅटरी ही एकाच कारखान्यातून आलेली एकसंध वस्तू नसते. पॅनेल एका उत्पादकाची असतात, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशा विजेत बदलणारे यंत्र) दुसऱ्याचा आणि बॅटरी तिसऱ्याची. विक्री एक कंपनी करते, छपरावर चढून जोडणी करणारा ठेकेदार बहुधा वेगळा असतो, कर्ज आणखी कोणी दिलेले असते आणि मीटर वीज कंपनीचे असते. त्यामुळे वीज कमी मिळू लागली की टोलवाटोलवी सुरू होते. विक्रेता उत्पादकाकडे बोट दाखवतो, उत्पादक जोडणीला दोष देतो आणि ठेकेदार वीज कंपनीचे नाव पुढे करतो. अशा वेळी नेमके काय बिघडले आहे, ते कोणाच्या जबाबदारीत येते आणि त्याचा पुरावा काय, या तीन गोष्टी ज्या ग्राहकाला थोडक्यात सांगता येतात, त्याची तक्रार पुढे सरकते. या लेखातल्या सर्व पायऱ्या तिथवर पोहोचण्यासाठी आहेत.

सर्वांत आधी सुरक्षितता

बॅटरी फुगलेली दिसली, तिच्यातून फुसफुस आवाज किंवा रसायनासारखा वास येऊ लागला, ती हात लावता येणार नाही इतकी तापली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली, तर तक्रारीचा विचार बाजूला ठेवून घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला कळवावे. पॅनेलवर प्रकाश पडत असेपर्यंत त्यांतून येणाऱ्या तारांमध्ये वीज असतेच. मुख्य स्विच बंद केल्याने ती नाहीशी होत नाही. हा प्रवाह एकदिश असतो आणि पुष्कळ घरगुती संचांत त्याचा दाब काहीशे व्होल्ट असतो. म्हणून करपलेला कनेक्टर किंवा ठिणग्या दिसल्या तर ती जोडणी स्वतः ओढून काढू नये. संच बंद करणे शक्य असेल तर इन्व्हर्टरजवळ लावलेल्या सूचनाफलकावरील क्रमानेच तो बंद करावा आणि छायाचित्रे दुरूनच घ्यावीत.

बॅटरीचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर आणि आपल्या देशातील ग्राहक सुरक्षा यंत्रणेच्या यादीत तपासून पाहावा. २०२० पासून एलजीच्या काही घरगुती लिथियम बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासह अनेक ठिकाणी परत मागवण्यात आल्या होत्या. आपली बॅटरी अशा यादीत असेल, तर वादविवादाची गरजच उरत नाही.

तो खरोखर बिघाड आहे का

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कस इथेच लागतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते: प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रकाश आणि सौर पेशींचे तापमान २५ अंश सेल्सिअस. कडक उन्हात छपरावरील पेशी ६० अंशांपर्यंत सहज तापतात आणि प्रत्येक वाढीव अंशामागे सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे केवळ उष्णतेमुळे दहा टक्क्यांहून अधिक घट होते. ५ किलोवॅटचा संच भर दुपारी ४ किलोवॅट दाखवत असेल, तर तेवढ्यावरून तो सदोष ठरत नाही.

मग किती मिळायला हवे? त्यासाठी दोन विश्वासार्ह साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचे 'पीव्हीजीआयएस' हे एक आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने तयार केलेले 'पीव्हीवॉट्स' हे दुसरे. छपराचे ठिकाण, पॅनेलचा उतार, त्यांची दिशा आणि संचाची क्षमता भरली की महिन्यागणिक अपेक्षित युनिट मिळतात. दोन्ही साधने संचातील एकूण घट आपणहून सुमारे १४ टक्के धरतात, त्यामुळे ती वेगळी वजा करू नये. आलेल्या आकड्यांशी इन्व्हर्टरची नोंद पूर्ण महिन्यांच्या हिशेबाने ताडून पाहावी. एका ढगाळ आठवड्यावर आधारलेली तक्रार पहिल्याच उत्तरात निकालात निघते. उलट, तीन-चार महिने सलग पाव हिस्सा वीज कमी मिळत असल्याची नोंद झटकून टाकणे कोणालाही सोपे जात नाही.

संचाचा गुण आणि संचाचा दोष यांची गल्लत होण्याच्या आणखी काही जागा आहेत. वीजपुरवठा खंडित झाला की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, कारण तो चालू राहिला तर तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका होईल. बॅटरी असली तरी स्वतंत्र बॅकअपची जोडणी केलेली नसेल, तर घर अंधारातच राहते. हा यंत्राचा दोष नव्हे. मात्र 'वीज गेली तरी घर चालेल' असे विक्रेत्याने सांगितले असेल, तर ती चुकीची माहिती देऊन केलेली विक्री ठरते आणि तक्रारीचा मुद्दा तोच असायला हवा. त्याचप्रमाणे इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधील युनिट आणि विजेच्या बिलातील युनिट एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून मीटर खोटे ठरत नाही. अ‍ॅप एकूण निर्मिती दाखवते; बिलात ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज येते. जी वीज निर्माण होताच घरात वापरली गेली, ती मीटरपर्यंत पोहोचतच नाही.

काही दोष मात्र घरबसल्या बऱ्याच खात्रीने ओळखता येतात. समजा, सारख्या दहा-दहा पॅनेलच्या दोन माळा, म्हणजे स्ट्रिंग, एकाच दिशेला बसवल्या आहेत आणि निरभ्र दुपारी इन्व्हर्टरच्या पडद्यावर एका स्ट्रिंगचा दाब ३७० व्होल्ट, तर दुसरीचा ३५८ व्होल्ट दिसतो. प्रत्येक पॅनेलच्या वाट्याला ३७ व्होल्ट येतात आणि बहुतेक पॅनेलमध्ये पेशींचे तीन गट असून प्रत्येक गटाला एक बायपास डायोड, म्हणजे गट बंद पडला की प्रवाह त्याला वळसा घालून नेणारा छोटा भाग, असतो. १२ व्होल्टचा फरक हा जवळपास एका गटाएवढा आहे. त्या वेळी कुठेही सावली नसेल आणि हाच फरक दररोज दिसत असेल, तर एखाद्या पॅनेलचा तिसरा हिस्सा निकामी झाला असण्याची दाट शक्यता आहे. 'वीज कमी येते' असे लिहिण्याऐवजी हे दोन आकडे, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र पाठवले, तर समोरच्या तंत्रज्ञाला काय शोधायचे ते नेमके कळते.

दुपारी ऊन कडक असतानाच इन्व्हर्टर वारंवार बंद पडत असेल, तर त्याच्या नोंदींमध्ये अतिदाबाचा संकेत आहे का, ते पाहावे. यामागे दोन कारणे असू शकतात आणि त्यांची जबाबदारी वेगवेगळ्या पक्षांची असते. परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून एकाच वेळी मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी दाब मोजून घ्यावा. मीटरपाशीच दाब मर्यादेबाहेर असेल, तर प्रश्न वीज कंपनीचा आहे. मीटरपाशी तो ठीक आणि इन्व्हर्टरपाशी बराच जास्त असेल, तर मधली केबल बारीक आहे किंवा एखादी जोडणी सैल आहे, आणि ते काम जोडणी करणाऱ्याचे आहे. या एका मोजणीअभावी काही तक्रारी वर्षभर चुकीच्या दारात रेंगाळतात.

बॅटरी रात्री भलत्याच वेळी भरते किंवा घरात वीज लागत असताना ती स्वस्थ बसते, अशी तक्रार असेल, तर वीजप्रवाह मोजणारे क्लॅम्प उलटे बसले आहे का, हे आधी पाहावे. रात्री बॅटरी रिकामी असताना पाणी तापवण्याचे मोठे उपकरण सुरू करावे. त्यासरशी अ‍ॅपमध्ये ग्रिडकडे वीज जात असल्याचा आकडा वाढला, तर क्लॅम्प उलटे असल्याचे जवळपास नक्की झाले. बॅटरीच्या क्षमतेबाबतही आधी कागद वाचावा. १० युनिटच्या बॅटरीतील वापरण्यायोग्य साठा ९ युनिट असू शकतो आणि वीज भरताना व काढताना होणारी घट त्यातून आणखी वजा होते. गोठणबिंदूखालील तापमानात लिथियम बॅटरी स्वतःहून भरणे थांबवते, हे तिच्या संरक्षणासाठीच असते. शंका असेल, तर बॅटरी पूर्ण भरून, सूर्यास्तानंतर साधारण एकसारखा भार ठेवून ती किमान मर्यादेपर्यंत उतरू द्यावी आणि किती युनिट बाहेर आले ते टिपावे. निरनिराळ्या दिवशी ही चाचणी करून सारखाच कमी आकडा आला, तर तो तक्रारीसोबत जोडण्याजोगा आहे.

हमी कोणाची आणि कशाची

'२५ वर्षांची वॉरंटी' या एका वाक्यात वेगवेगळी आश्वासने दडलेली असतात. पॅनेलच्या बनावटीतील दोषाची हमी वेगळी आणि ठरावीक वर्षांनंतरही ठरावीक टक्के शक्ती टिकेल ही कामगिरीची हमी वेगळी. इन्व्हर्टरची मुदत स्वतंत्र आणि बहुधा बरीच कमी असते. छपराला भोके पाडून केलेल्या कामाची, गळतीची आणि जोडणीची हमी ठेकेदाराची असते. पॅनेलची शक्ती दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटणे अपेक्षितच असते, त्यामुळे कामगिरीच्या हमीचा दावा करायचा तर प्रमाणित चाचणी लागते. कित्येक हमीपत्रांत जुने पॅनेल उतरवणे, वाहतूक आणि नवीन बसवणे यांचा खर्च ग्राहकावर टाकलेला असतो. ती कलमे दावा करण्यापूर्वीच शोधून ठेवावीत.

बॅटरीच्या हमीत वर्षांबरोबरच एकूण किती वीज तिच्यातून जाईल, याचीही मर्यादा असते. उदाहरणार्थ, दहा वर्षे किंवा ३०,००० युनिट, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. रोज ९ युनिट काढले तर ही मर्यादा सुमारे ३,३३३ दिवसांत, म्हणजे नऊ वर्षांच्या थोडे पलीकडे संपते. दहा वर्षे हा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो, दुसरा आकडा आतल्या पानावर.

उत्पादकाच्या हमीपलीकडे ग्राहक कायदा असतो, हे विसरू नये. अनेक देशांत, वस्तू वर्णनाप्रमाणे आणि हेतूस योग्य असण्याची जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली आहे आणि ती 'उत्पादकाकडे जा' असे सांगून झटकता येत नाही. विक्रेत्याने गाशा गुंडाळला असेल, तरीही सारे दरवाजे बंद होत नाहीत. पॅनेल आणि इन्व्हर्टरच्या उत्पादकांची हमी बहुधा कायम असते, जोडणीच्या कामाला विम्याचे संरक्षण घेतलेले असू शकते, कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी ठरावीक मुदतीत करता येते, आणि कर्ज विक्रेत्यामार्फतच मिळाले असेल तर काही देशांत कर्ज देणारी संस्थाही उत्तरदायी ठरते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते: संतापाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. कायदेशीर सल्ल्याशिवाय हप्ते थांबवल्यास मूळ वाद बाजूला राहतो आणि थकबाकीदार म्हणून आपलीच अडचण सुरू होते.

कागद आणि नोंदी

करारपत्र, कोटेशन, जाहिरातीचे पत्रक, विक्रेत्याने दिलेला अंदाजित निर्मितीचा तक्ता, पैसे भरल्याच्या पावत्या, हमीपत्रे आणि संच सुरू करून दिला त्या दिवशीचा चाचणी अहवाल एकत्र करावा. या अहवालात काय असावे, हे आयईसी ६२४४६-१ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेले आहे: जोडणीचा आराखडा, प्रत्येक स्ट्रिंगचा दाब आणि प्रवाह, अर्थिंगची सलगता आणि इन्सुलेशनची चाचणी. अहवाल मिळालाच नसेल, तर तो लेखी मागावा. तो नसणे हाही तक्रारीतला एक सबळ मुद्दा आहे. बॅटरी, इन्व्हर्टर आणि शक्य असेल तिथे पॅनेल यांच्या अनुक्रमांकांची छायाचित्रे करारातील मॉडेलशी ताडून पाहावीत. ठरलेल्या मॉडेलऐवजी दुसरेच बसवलेले आढळले, तर तांत्रिक वादात पडण्याचीही गरज नाही.

निर्मितीची सर्व आकडेवारी ताबडतोब स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. ती उत्पादकाच्या सर्व्हरवर असते आणि पुष्कळदा मुख्य खाते ठेकेदाराच्या नावावर असते. वाद चिघळल्यावर ती दिसेनाशी झाली, तर आपल्या हाती काहीच उरत नाही. मालक म्हणून खाते आपल्या नावावर करून देण्याची मागणीही त्याच वेळी करावी. फोनवर जे बोलणे झाले, त्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवावा आणि 'यात काही चुकीचे असल्यास कळवावे' एवढे शेवटी लिहावे.

पहिले लेखी पत्र

पत्र विक्रेत्याला उद्देशून असावे आणि त्याची प्रत संबंधित उत्पादकाला द्यावी. त्यात स्वभावाबद्दल, हेतूबद्दल किंवा फसवणुकीबद्दल विशेषणे नसावीत. नमुना म्हणून पुढील मजकूर घेता येईल:

"आपण दिनांक … रोजी बसवलेल्या ५ किलोवॅट क्षमतेच्या सौर संचाची स्ट्रिंग क्रमांक २ ही दिनांक … पासून स्ट्रिंग क्रमांक १ पेक्षा सातत्याने कमी दाब दाखवत आहे. दोन्ही स्ट्रिंगमधील पॅनेलची संख्या, दिशा आणि उतार सारखा आहे. गेल्या तीन महिन्यांतील निर्मिती आपल्या कोटेशनमधील अंदाजापेक्षा अनुक्रमे …, … आणि … युनिटने कमी आहे. पडद्याची छायाचित्रे आणि नोंदी सोबत जोडल्या आहेत. कृपया १४ दिवसांच्या आत तपासणी करून लेखी अहवाल द्यावा आणि दोष आढळल्यास विनामूल्य दुरुस्ती किंवा बदली करावी. मुदतीत उत्तर न आल्यास मी हे प्रकरण तक्रार निवारण यंत्रणेकडे नेईन."

पत्र पोचपावतीसह पाठवावे. ग्राहकाने दुरुस्ती, बदली, पैसे परत किंवा भरपाई यांपैकी काय हवे ते स्पष्ट सांगितले नाही, तर उत्तरात दिलगिरी येते आणि काम होत नाही.

तपासणीचा दिवस

तंत्रज्ञ आल्यावर आपण किंवा आपल्या विश्वासातील जाणकार व्यक्तीने हजर राहावे. काय मोजले, कोणते आकडे आले आणि कोणती सेटिंग बदलली, हे त्यांच्याच भेटपत्रकावर लिहून घ्यावे. सदोष भाग घेऊन जायचा असेल, तर अनुक्रमांकासह लेखी पावती मिळाल्याशिवाय तो देऊ नये, कारण एकदा तो भाग गेला की पुरावाही गेला.

कंपनीचा अहवाल पटला नाही, तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. मात्र त्याने काही उघडण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवून हजर राहण्याची संधी द्यावी. अन्यथा 'तुमच्या माणसाने हात लावला म्हणून हमी रद्द' असे उत्तर येते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी करायची तर पॅनेलवर प्रति चौरस मीटर किमान ६०० वॅट प्रकाश पडत असताना ती व्हावी. ढगाळ सकाळी काढलेली अशी छायाचित्रे पुरावा म्हणून टिकत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींच्या भेगांसाठी इलेक्ट्रोल्युमिनेसन्स ही वेगळी चाचणी असते; ती खर्चिक असल्यामुळे पॅनेलवर पाय पडल्याचा किंवा वाहतुकीत आपटल्याचा ठोस संशय असेल तरच करावी.

वरच्या पायऱ्या

मुदत संपल्यावर कंपनीच्या तक्रार विभागाकडे आधीच्या पत्राचा संदर्भ देऊन औपचारिक तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. तिथेही तोडगा निघाला नाही, तर पुढचा मार्ग तक्रारीच्या स्वरूपावर ठरतो. मीटर, जोडणीची मंजुरी, ग्रिडला दिलेल्या विजेचा हिशेब आणि पुरवठ्याचा दाब हे विषय वीज क्षेत्राच्या नियामक किंवा लोकपाल यंत्रणेकडे जातात. सदोष वस्तू, निकृष्ट काम आणि खोटी आश्वासने ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे किंवा लहान दाव्यांच्या न्यायालयाकडे जातात. ठेकेदार एखाद्या व्यावसायिक संघटनेचा सदस्य असेल, तर तिच्याकडेही मध्यस्थी मागता येते. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०१५ मध्ये सुधारलेल्या ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तक्रार निवारण न्याय्य, जलद, सुलभ आणि कमी खर्चाचे असावे, अशी अपेक्षा सरकारांकडून केलेली आहे. त्यामुळे आपल्या देशातील अशा यंत्रणेचे संकेतस्थळ शोधून तिथला अर्ज आणि दाव्याची कालमर्यादा आधीच पाहून ठेवावी. कंपनीशी पत्रव्यवहार चालू असला म्हणून ही कालमर्यादा थांबतेच असे नाही.

भरपाईचा आकडा मांडताना हिशेब चोख असावा. अपेक्षित युनिटमधून प्रत्यक्ष युनिट वजा करून आलेला फरक दोन भागांत विभागावा: जी वीज घरात वापरली गेली असती ती खरेदीच्या दराने आणि जी ग्रिडला गेली असती ती विक्रीच्या दराने. सगळ्याच युनिटला खरेदीचा दर लावल्यास एकूण रक्कम मोठी दिसते, पण दोन दर वेगळे असतील तर समोरचा पक्ष पहिले बोट तिथेच ठेवतो आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

तडजोड करताना

तडजोडीच्या कागदात 'सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले' असे वाक्य असेल, तर ते केवळ या दोषापुरते मर्यादित करून घ्यावे. तसे न केल्यास उद्या बॅटरी बिघडली, तरी हाच कागद आपल्यापुढे धरला जाईल. बदललेल्या भागाची हमी नव्याने सुरू होते की जुनी उरलेली मुदतच लागू राहते, हे लिहून घ्यावे. बहुतेक हमीपत्रांत दुसरी पद्धत असते. पॅनेल बदलून दिले जात असेल, तर नव्या पॅनेलचा प्रवाह जुन्यांशी जुळतो का, ते विचारावे, कारण एकाच स्ट्रिंगमध्ये कमी प्रवाहाचे एक पॅनेल बाकीच्यांनाही मागे ओढते. दुरुस्तीनंतर त्या स्ट्रिंगचा नवा चाचणी अहवाल घ्यावा, आणि भरपाईची रक्कम व अंतिम सही ही निदान एक पूर्ण महिन्याची निर्मिती अपेक्षित आकड्याशी ताडून झाल्यानंतरची असावी, अशी अट तडजोडीतच घालावी.